आधी लीद, मग लगाम

मागच्या वैशाखात शिंदखेड्याकडच्या एका गावात नवरदेवाची मिरवणूक होती. पुढं डीजेची गाडी, मागं नाचणारी पोरं, त्यांच्या मागं पांढऱ्या घोडीवर नवरदेव आणि घोडीचा लगाम धरून मी. ऊन उतरलं होतं, डांबर मात्र तापलेलंच होतं. मी सगळा वेळ घोडीच्या कानांकडं बघत होतो. डीजेपासून किती अंतर ठेवायचं ते तिचे कान सांगतात. कान मागं पडायला लागले की दोन पावलं मागं राहायचं, नवरदेवाचे मामा कितीही 'चला, चला' करोत. तेवढ्यात कुणीतरी खांद्यावर हात ठेवला. बारावीला माझ्या बाकावर बसणारा मित्र. आता बँकेत आहे.

"अरे, तू? तू घोडीवाला झाला?"

त्यात हेटाळणी नव्हती, खरंखुरं आश्चर्य होतं. मी काही बोलणार तोच पुढं फटाक्यांची माळ लागली. घोडीनं मान झटकली, आणि पुढची पाच मिनिटं मला तिच्याशिवाय कुणी दिसलं नाही. माळ विझल्यावर मागं वळलो तर मित्र गर्दीत दिसेना. त्याला द्यायचं उत्तर तसंच राहिलं. आता नऊ-दहा महिन्यांनी देतोय. वरातीमागून घोडं म्हणतात ते हेच.

रात्रीचे दीड वाजलेत. पागेबाहेर खाटेवर गोधडी घेऊन बसलोय आणि फोनवर हे लिहितोय. तापीकाठची माघातली थंडी अजून हटलेली नाही. आत मूमल आहे, दिवस भरलेली. आज नाहीतर उद्या. तिला राखत जागायचं आहे आणि जागं राहायला काहीतरी हवं.

मी मुळात आयटीआयवाला. फिटर. पास झाल्यावर एका कारखान्यात वर्षभर शिकाऊ उमेदवार म्हणून लागलो. उमेदवारी म्हटलं की आता लोकांना ग्रामपंचायतीचा फॉर्म आठवतो, पण जुना अर्थ हाच, उस्तादाच्या हाताखाली राहून काम शिकणं. त्यासाठी देशात १९६१ सालापासून कायदा आहे. करार होतो, विद्यावेतन मिळतं, शेवटी परीक्षा होते. माझाही करार झाला, परीक्षाही झाली. वर्षभरात मी नक्की काय शिकलो असं विचाराल तर सुपरवायझरला चहात साखर किती लागते, ते. मशीनला हात लावायची वेळ आली ती ऑडिटच्या आदल्या दिवशी, आणि तीही पुसायला. प्रमाणपत्र अजून ट्रंकेत आहे, छान जाड कागदावरचं.

त्या वर्षाच्या मार्गशीर्षात मी सारंगखेड्याला गेलो. जायचंच होतं. आमच्या भागात दत्तजयंतीला सारंगखेड्याला न जाणारा माणूस एकतर आजारी असतो, नाहीतर गावाला गेलेला. एकमुखी दत्ताचं दर्शन, तापीचं पात्र, जिलेबी, पाळणे, आणि घोडे. मारवाडातनं, काठेवाडातनं, पंजाबातनं, उत्तर प्रदेशातनं आलेले. चुलतभावाचं तिथं चहा-भज्यांचं दुकान लागायचं, मी हाताखाली होतो. दुकानासमोरच एका व्यापाऱ्याची दावण होती. एका दुपारी तिथं एक म्हातारा आला. पांढरा पायजमा, डोक्याला उपरणं. व्यापारी सांगत होता, "सात साल की घोडी है." म्हाताऱ्यानं काही न बोलता घोडीचा वरचा ओठ अंगठ्यानं उचलला, क्षणभर आत बघितलं, ओठ सोडला, तिच्या कपाळावरनं हात फिरवला आणि म्हणाला, "बारा." व्यापारी हसला. दोघंही हसले. मग भाव बारा वर्षांच्या घोडीचा सुरू झाला.

मी भजी तळायची सोडून बघत होतो. एका नजरेत पाच वर्षांचा हिशेब. कारखान्यात वर्षभरात इतकं स्वच्छ काम करताना मी कुणाला बघितलं नव्हतं.

ते आप्पा. आमच्या गावापासून सात-आठ किलोमीटरवर त्यांची पागा. त्यांच्याकडं तेव्हा चार जनावरं होती. लग्नसराईच्या दोन पांढऱ्या घोड्या. एक म्हातारं तट्टू, ज्याचा काही उपयोग उरला नव्हता आणि जे विकायचा विषयही काढायचा नसे. आणि मूमल, मारवाडी जातीची, कुमैत म्हणजे तांबूस अंगाची आणि काळ्या आयाळीची, जिच्या कानांची टोकं आत वळून एकमेकांना टेकतात. नाव जैसलमेरकडच्या कुठल्याशा राजकन्येचं, तिच्याबरोबरच आलेलं. गावात त्याचं 'मुमली' झालं.

मला शिकायचंय म्हटल्यावर आप्पांनी माझ्या पायांकडं बघितलं.

"चप्पल घालीसन उना का रे?"

दुसऱ्या दिवशी कारखान्यातले बूट घालून गेलो. त्या नोकरीतली कामाला आलेली ती एकमेव वस्तू. साडेतीन-चारशे किलोचं जनावर बोटांवर उभं राहिलं की काय होतं ते मला पुढं एकदा कळलं, बूट असूनही. नख काळं पडून गळालं. नवीन आलं ते वाकडं आलं.

बूट बघून आप्पांनी घमेलं हातात दिलं. "पहिले लीद, मंग लगाम."

मला वाटलं होतं, आठवडाभर. सहा महिने गेले. मला राग यायचा, खोटं कशाला बोलू. आयटीआय झालेला माणूस पहाटे साडेचारला उठून लीद भरतोय आणि आप्पा ओट्यावर बिडी ओढत नुसते विचारतायत, "कितल्या?" किती वेळा टाकली. घोडं दिवसातनं आठ-दहा वेळा, कधी बारा वेळाही लीद टाकतं, आणि सगळी मिळून पंधरा-वीस किलो भरते. पहिल्या महिन्यात मी आकडे ठोकून द्यायचो. आप्पा काही म्हणायचे नाहीत, काठीनं एखादा गोळा फोडून दाखवायचे. हा बघ, अख्खा हरभरा तसाच बाहेर पडलाय, म्हणजे दाढा नीट चालत नाहीत, किंवा अधाशासारखं खाल्लं. हा कोरडा, लहान, वर शेंबडासारखा पापुद्रा, म्हणजे आतड्यात फार वेळ राहिला, पाणी कमी. हा सैल, हिरवट, म्हणजे घास जास्त झाला. जमिनीवर पडल्यावर गोळा अलगद फुटला पाहिजे. न फुटता घरंगळला तर विचार करायचा.

हळूहळू माझ्या ध्यानात आलं की घोड्याचं सगळं दुखणं शेवटी पोटाशी येऊन थांबतं. एवढं थोरलं जनावर, पण जठर जेमतेम आठ ते पंधरा लिटरचं. त्याची घडण दिवसभर थोडं थोडं चरायची, आपण त्याला दोन वेळा जेवायला घालतो. आणि त्याला ओकारी येत नाही. येऊच शकत नाही, जठराच्या तोंडाशी असलेला स्नायू इतका घट्ट असतो. कुत्र्यानं वाईट खाल्लं तर ते ओकून मोकळं होतं. म्हैस रवंथ करते, तिच्या पोटात चार कप्पे असतात, पुष्कळ काही जिरवते. घोड्याचं जे आत गेलं ते पुढंच जाणार, नाहीतर अडणार.

म्हणून चंदी देणं हे जेवण वाढण्यासारखं काम नाही, औषध मोजण्यासारखं आहे. भिजवलेला हरभरा, जव, गव्हाचा कोंडा, सगळं वजनात. वैरण आधी, चंदी नंतर. नवीन धान्य आलं तर जुन्यात थोडं थोडं मिसळत आठवडाभरात बदलायचं. आणि खान्देशात दोन गोष्टींची धास्ती कायम. एक कोवळी ज्वारी. किराळ, म्हणजे कोवळ्या ज्वारीतलं विष, लागून गुरं मरतात हे इथं शेंबड्या पोरालाही माहीत असतं, घोड्यालाही ती चालत नाही. दुसरी बुरशीचा मका. पावसात भिजलेलं कणीस म्हशीपुढं टाकलं तर बहुतेकदा निभावतं, घोड्याच्या मात्र ते विष थेट मेंदूत जातं. जनावर भिंतीला डोकं लावून उभं राहतं, गोल गोल फिरतं, आणि दोन-तीन दिवसांत संपतं. आमच्याकडं शिवारभर मका, आणि शेजारी मोठ्या मनाचे. "घे, घोडाले चार कणसं," म्हणून पाटी आणून देतात. आप्पा ती हसून घेतात आणि रात्री उकिरड्यात पुरतात. शेजाऱ्याला वाईट वाटू नये आणि घोड्याच्या तोंडाला लागू नये, दोन्ही साधायचं.

सहा महिन्यांनी खरारा, म्हणजे घोड्याचं अंग घासायचा ब्रश, हातात आला. मग पाय.

घोड्याचा पाय उचलणं लिहून दाखवता येईल असं मला वाटत नाही, पण प्रयत्न करतो. घोड्याला जवळजवळ सगळीकडचं दिसतं. फक्त कपाळासमोर थोडं आणि शेपटीमागं थोडं, एवढं आंधळं. म्हणून डाव्या खांद्याकडनं जायचं, बोलत जायचं. काय बोलता याला किंमत नाही. मी पाढे म्हणायचो. खांद्यावर हात ठेवायचा आणि तो हात मग उचलायचा नाही. तोच खाली सरकवत न्यायचा, गुडघ्यावरनं, नळीच्या मागच्या शिरेवरनं. ती शीर गार आणि ताठ लागली पाहिजे, वीणेच्या तारेसारखी. गरम लागली, फुगीर लागली तर तिथंच थांबायचं. खाली येऊन दोन बोटांनी हलकं दाबायचं आणि वाट बघायची. घोडी वजन दुसऱ्या पायावर घेते. तिच्या खांद्यात ते आधी दिसतं, पायात नंतर. त्या क्षणी पाय आपसूक हातात येतो. त्याआधी ओढाल तर ती तिचं सगळं वजन त्याच पायावर टाकेल. मी पहिले पंधरा दिवस ओढतच होतो. आप्पा लांबनं म्हणायचे, "तिले माहीत शे." काय माहीत आहे ते सांगायचे नाहीत. मला घाई आहे, हे तिला माहीत होतं.

उचललेला खूर उलटा धरला की मधोमध रबरासारखा एक मऊ त्रिकोण दिसतो. नाल मारायला येणारे चाचा त्याला पुतली म्हणतात. पाय टेकला की ती दबते, उचलला की सुटते आणि पायातलं रक्त वर ढकललं जातं. दोन्ही बाजूंच्या खाचांत चिखल, लीद, खडे अडकतात. ते रोज टाचेकडनं टोकाकडं कोरून काढायचे. पावसाळ्यात चार दिवस चुकारपणा केला की तिथं काळा चिकट घाण वासाचा चिखल होतो. तो वास एकदा नाकात बसला की पुढं पागेच्या दारातनंच येतो.

चाचा दर सहा-सात आठवड्यांनी येतात. खूर महिन्याला सेंटीमीटरच्या आत-बाहेर वाढतो, म्हणजे त्यांच्या फेरीपर्यंत नाल पुढं सरकल्यासारखी होते आणि टाच दबते. त्यांच्या मोटरसायकलला दोन डबे, एकात ऐरण, दुसऱ्यात नाली. जुनी नाल काढणं, खूर सोलणं, कानस, नाल तापवून बसते का बघणं, ते सगळं मी फिटर असल्यानं पटकन समजलं. खिळ्याचं मात्र नाही समजलं. खुराच्या कडेला एक फिकट रेघ असते. तिच्या बाहेर मेलेलं नख, आत जिवंत मांस. मध्ये जागा किती? चार-पाच मिलिमीटर. खिळा त्या रेघेतनं घालून भिंतीतनं तिरका बाहेर काढायचा. एका पायाला सहा-सात खिळे, म्हणजे चार पायांना पंचवीस-तीस वेळा तेच. "कील बोलती है बेटा, सुन," असं चाचा म्हणायचे. टणक नखातनं जाणाऱ्या खिळ्याचा आवाज वेगळा आणि आत वळलेल्याचा बोदा. मला दोन वर्षं दोन्ही सारखेच ऐकू आले. तिसऱ्या वर्षी एकदा चाचा ठोकत असताना मी, मलाही नकळत, "नको," म्हणालो. त्यांनी हात थांबवला, माझ्याकडं बघितलं, खिळा उपसला. टोकाला ओल होती. त्या दिवशी त्यांनी पहिल्यांदा हातोडी माझ्या हातात दिली. घोड्याच्या पायावर नाही, लाकडाच्या ओंडक्यावर.

ब्रिटनमध्ये १९७५ सालचा एक कायदा आहे. नोंदणी नसलेल्या माणसानं घोड्याला नाल मारली तर तो गुन्हा. नोंदणीसाठी सुमारे चार वर्षांची उमेदवारी, मान्यताप्राप्त उस्तादाच्या हाताखाली. तिथं नुसती घोड्यांची निगा राखणं, म्हणजे मी करतो ते, हीसुद्धा रीतसर उमेदवारी आहे, पगार घेत शिकायची आणि शेवटी परीक्षा द्यायची. हे मी चाचांना वाचून दाखवलं. चाचा तेव्हा खूर सोलत होते. वर न बघता म्हणाले, चार साल तर कमीच झाले. त्यांचे वडील वारले तेव्हा चाचांचं वय चाळीस होतं, आणि तोवर शिंगराचा पहिला नाल वडीलच मारायचे. मुलगा? त्याचं दोंडाईचाला मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. हात चांगला आहे त्याचा, चाचा म्हणाले, बारीक कामाला.

आता कानबाईची रात्र. ही सांगायची नव्हती, पण तिच्याशिवाय बाकीचं सांगणं खोटं होईल.

दुसरं वर्ष, श्रावण, नागपंचमीनंतरचा रविवार. कानबाई आमची खान्देशची देवी, पण तिचा सण म्हणजे काय हे खान्देशाबाहेरच्यांना कसं सांगावं कळत नाही. सुरतेला, पुण्याला, नाशिकला गेलेला माणूस दिवाळीला एक वेळ येणार नाही, कानबाईच्या रोटांना येतो. घरी चुलते, आत्या, सगळे जमलेले. मला लवकर जायचं होतं. संध्याकाळी पाण्याचा हौद घासायचा असतो, तो मी आदल्या दिवशीही घासला नव्हता. हिरवट झाला होता, थोडा वास होता. वरनं दोन बादल्या ताजं पाणी ओतलं आणि भागवलं. मूमलच्या खाली सकाळपासून चारच वेळची लीद होती, लहान, कोरडी. मी ती बघितली. नीट बघितली, हे मला पक्कं आठवतं. घमेल्यात भरली आणि गेलो. आप्पा ओट्यावर होते. त्या दिवशी त्यांनी "कितल्या?" विचारलं नाही. घरी पाहुणे होते त्यांच्याही.

रात्री साडेदहाला फोन आला. घरात गाणी चालली होती, मी बाहेर येऊन ऐकला. पागेत पोचलो तेव्हा मूमल पुढच्या पायानं जमीन खरडत होती. मान वळवून स्वतःच्या कुशीकडं बघायची, जणू तिथं कुणी चावत होतं. घामानं मान काळी झालेली. बसायची, उठायची, लोळू बघायची. आप्पा दोर धरून होते. मी जबड्याखाली बोटं ठेवून नाडी धरली. निवांत घोड्याची मिनिटाला तीस-चाळीस असते. अठ्ठावन्न मोजली. कुशीला कान लावला. तिथं एरवी सतत काहीतरी गडगडत असतं, लांबनं ट्रक गेल्यासारखं. उजवीकडं काहीच नव्हतं. इतकी शांतता मी कधी ऐकली नव्हती.

डॉक्टर चाळीस किलोमीटरवरनं यायचे होते, सणाच्या रात्री. ते येईतो दोन तास आम्ही तिला अंगणात हळूहळू फिरवलं, एक चक्कर आप्पा, एक चक्कर मी. गावातनं कानबाईची गाणी आणि बँड ऐकू येत होता. आप्पांनी एकदाच विचारलं.

"तुले दिसनं व्हतं ना?"

मी हो म्हटलं.

"मंग बोलना काबरं नही?"

पुढं काही नाही. डॉक्टरांनी दुखणं थांबवायचं इंजेक्शन दिलं, नाकातनं नळी जठरात घातली. ओकता येत नाही म्हणून ती वाट आपण करून द्यायची, नाहीतर जठर फुटतं. मग त्याच नळीनं तेल आणि पाणी. पहाटे साडेचारच्या सुमाराला, माझी रोजची उठायची वेळ, मूमलनं शेपूट उचललं. तीन गोळे पडले. काळे, तेलकट. कसलाही विचार न करता मी ते हातात उचलून घेतले. आप्पा हसले, आणि मग मला रडू आलं.

सकाळी मी हौद घासला. तीनदा घासला. घोडं तहानेनं व्याकूळ असलं तरी वास येणाऱ्या पाण्याला तोंड लावत नाही, आणि त्याला दिवसाला पंचवीस-चाळीस लिटर लागतं, हे मला त्या आधी तोंडपाठ होतं. कुणी विचारलं असतं तर मी शंभरपैकी शंभर मिळवले असते. म्हणून ट्रंकेतल्या कागदाबद्दल माझं मत तेव्हापासून जरा बदललंय. कागद वाईट नव्हे. या कामाचा असता तर बरंच होतं. सोयरीक जमवताना बाप विचारतो तेव्हा 'घोड्यांचं बघतो' हे पुरेसं होत नाही. दोन ठिकाणी अडलं, तिसरीकडं मुलीनंच नकार दिला, तिचा हक्क आहे. पण कागदावरच्या परीक्षेत "बोलना काबरं नही?" हा प्रश्न येत नाही.

कामं नाहीत असं मात्र नाही. मुंबई-पुण्याच्या रेसकोर्सला माणसं लागतात, पुण्याकडच्या स्टड फार्मना, रायडिंग शाळांना लागतात. सैन्याच्या रिमाउंट अँड व्हेटरनरी कोअरचं प्रशिक्षण मेरठला होतं, आणि हिसारला घोड्यांवर संशोधन करणारं राष्ट्रीय केंद्र आहे. आमच्या ओळखीतला एक मुलगा पुण्याकडं गेला, तिथं त्याला ग्रूम म्हणतात आणि राहायला खोली आहे. पण जनावरंच कमी होत चाललीत. २०१२च्या पशुगणनेत देशात घोडे-तट्टं सव्वासहा लाखांच्या आसपास होती, २०१९च्या गणनेत ३ लाख ४० हजार. सात वर्षांत जवळजवळ निम्मी. तांगे गेले, वीटभट्ट्यांवरची तट्टं ट्रॅक्टरनं घालवली. उरले ते लग्नातले, शर्यतीतले आणि हौसेचे. हौसेचा घोडा सारंगखेड्यात लाखांच्या बोलीत जातो आणि दुसऱ्या दिवशी पेपरात फोटो येतो. त्या फोटोत दोर धरणाऱ्याचं डोकं बहुतेकदा कापलेलं असतं. हे मी कुरकुर म्हणून नाही सांगत. बरं, थोडी कुरकुर आहेच.

आता दातही मला जरा कळतात. पाच वर्षांना पुढचे सगळे पक्के दात आलेले असतात. मग खालच्या दातांवरचे खळगे मधल्या जोडीपासून भरत जातात, सहा, सात, आठ. दहाच्या सुमाराला वरच्या कोपऱ्यातल्या दातावर हिरडीशी एक काळपट रेघ उगवते आणि खाली उतरायला लागते. पंधराला ती अर्ध्यावर, विसाला पूर्ण. त्या दिवशी आप्पांनी ती रेघ बघितली होती, एवढंच. जादू नव्हती. तापल्या सळईनं दातावर खोटे खळगे डागायची जुनी लबाडी आहे, पण ती रेघ कुणाला पुसता येत नाही. यंदा बाजारात आप्पांनी तीन घोड्यांचे ओठ मला उचलायला लावले. अंगावरच्या केसांच्या भोवऱ्यांचं मात्र ते स्वतः बघतात. कंठावर देवमण नावाचा भोवरा असला की भाव चढतो, भलत्या जागी भोवरा असला की उतरतो. आप्पांचा विश्वास आहे का? मी विचारलं होतं. म्हणाले, घोड्याला पायावर चालायचंय आणि भोवऱ्यावर विकायचंय, दोन्ही बघावं लागतं. माझा विश्वास नाही. पण रक्ततपासणीचा दाखला नसलेल्या घोड्याच्या जवळ आम्ही दोघंही जात नाही. ग्लँडर्स झालेलं जनावर कायद्यानं मारावं लागतं, आणि तो रोग माणसालाही होतो.

आईचं वेगळं. तिला सगळ्यात जास्त वास खटकायचा. घरात शिरायच्या आधी ओसरीतच कपडे बदलायचे, हा नियम. मागच्या पावसाळ्यात मावशीला कपाशी निंदताना घोणस चावली. दवाखान्यात दहा कुप्या गेल्या, मावशी वाचली. डॉक्टरांनी सहज सांगितलं की ही लस घोड्यांपासून करतात. नाग, मण्यार, घोणस, फुरसं, या चौघांचं विष थोडं थोडं घोड्याला टोचायचं, त्याच्या रक्तात उतारा तयार होतो, तो काढून घ्यायचा. मुंबईची हाफकिन संस्था वर्षानुवर्षं हेच करत आली आहे. आई परत येताना एसटीत गप्प होती. घरी आल्यावर मी ओसरीत शर्ट काढायला लागलो तर म्हणाली, "ऱ्हाऊ दे, ये तसाच." नियम दोन दिवसांनी पुन्हा लागू झाला. वास तो वासच.

तीन वाजायला आलेत. मघाशी आत जाऊन आलो. मूमलच्या सडांच्या टोकाशी मेणासारखे दोन पिवळट थेंब जमलेत, काल नव्हते. अकरा महिने झाले. शिंगरू तासाभरात उभं राहिलं पाहिजे, दोन तासांत प्यायलं पाहिजे, तीन तासांत वार पडली पाहिजे. नाही पडली तर डॉक्टर, आणि या वेळी मी कुणाच्या विचारण्याची वाट बघणार नाही. आयोडीन, स्वच्छ फडकी, गरम पाण्याची किटली, सगळं खाटेखाली आहे. आप्पांना उठवलेलं नाही. त्यांनी झोपताना विचारलं होतं, "कितल्या?" मी म्हटलं नऊ, शेवटची सैल.

घोडी बहुतेकदा रात्रीच विते, आणि कुणी टक लावून बसलं असेल तर जमेल तेवढं लांबवते. तिला एकटं वाटू द्यावं लागतं. आत्ता ती उभी आहे, कान माझ्याकडं वळवून. या फोनच्या उजेडाकडं. बंद करतो.